भुसावळहून धुळ्याला घर हलवतेय: तीन दारी कपाट आणि हायड्रॉलिक पलंग खोलू की अख्खा नेऊ?

निंबोणी | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. आमचं स्वतःचं पहिलं घर धुळ्यात देवपूरला तयार झालंय. सध्या भुसावळला भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सासूबाईंचं एकच म्हणणं, "पोरी, आखाजीले नवा घरमा दिवा लागाले जोयजे." म्हणजे अक्षय्य तृतीयेला नव्या घरात दिवा लागायला हवा, आणि हातात तेरा दिवस आहेत.

भांडीकुंडी, गाद्या, फ्रिज यांची चिंता नाही. चिंता आहे ती खोक्यातून आलेल्या फर्निचरची. पाच वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेलं तीन दारांचं कपाट (मधल्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा), हायड्रॉलिक स्टोरेजचा डबल पलंग, मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि टीव्ही युनिट. जोडायला तेव्हा कंपनीचा माणूस आला होता. जोडणीचा कागद आता सापडत नाही.

मागच्या बदलीत नाशिकहून येताना सामान नेणाऱ्यांनी चपलांचं कपाट अख्खं ओढत जिन्यावरून उतरवलं होतं. वरून एक ओरखडाही नव्हता. पण भुसावळला उभं केलं तर ते डावीकडे कललेलं, आणि दार मिटेना. वर्षभरात मागची फळी निघाली आणि ते भंगारात गेलं. कपाटाचं तसं झालं तर नवीन घ्यायची आमची ऐपत नाही, सगळे पैसे घरात गेलेत.

सामानवाले म्हणतात, "ताई, खोलायची गरज नाही, चार माणसं लावतो, अख्खं नेतो." शेजारचे काका म्हणतात खोलाच. कोणाचं ऐकू?

लळिंग | सोमवार, रात्री ९:४५

धुळेकर होताय, मनापासून अभिनंदन! माझ्या भावाने मागच्या वर्षी पारोळ्याहून कपाट अख्खं आणलं, काहीही झालं नाही. खोलाखोलीत स्क्रू हरवतात, भोकं सैल होतात. चार तगडी माणसं लावा आणि अख्खंच न्या.

रंधा | सोमवार, रात्री १०:३०

ताई, मी सुतारकाम करतो, पाचोऱ्याला. खोक्यातलं फर्निचर जोडणं आणि खोलणं हे काम गेली काही वर्षं बरंच येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लळिंगभाऊ, तुमच्या भावाचं कपाट बहुतेक मिस्तरीने घरी बनवलेलं प्लायचं असणार. त्यात फळ्या फेव्हिकॉल आणि खिळ्या-स्क्रूने एकजीव झालेल्या असतात, प्लायचे थर आडवे-उभे असतात, सांधा ताण सहन करतो. खोक्यातून येणारा माल बहुतेक पार्टिकल बोर्डाचा असतो, म्हणजे लाकडाचा भुगा आणि चिप्स दाबून केलेली फळी, वरून कागद किंवा लॅमिनेट. ही फळी उभी राहून वजन पेलते, पण पिळलेलं तिला सोसत नाही. कपाट एका कोपऱ्यावर टेकवून ओढलं की सगळं वजन दोन-तीन सांध्यांवर येतं आणि आतल्या आत चिप्स भुगा होतात. बाहेरून काही दिसत नाही. तुमच्या चपलांच्या कपाटाचं नेमकं हेच झालं.

वजनाचाही विचार करा. १८ मिमी जाडीची ८ बाय ४ ची पार्टिकल बोर्डाची शीट ३५ किलोच्या आसपास भरते. तीन दारी कपाटात अशा तीन-चार शीटचा माल सहज जातो, वर आरसा. म्हणजे शंभर किलोच्या पुढे. तीन मजले, वळणाचा जिना, वैशाखाचं ऊन. माणसं कितीही तगडी असली तरी वळणावर एकाचा हात सुटला की खालच्याच्या अंगावर येतं.

तेव्हा खोलायचंच. पण सगळंच खोलायचं नाही, खरी गोम इथेच आहे. सांधा कुठला आहे ते आधी बघा.

कपाटाच्या आत फळीच्या कडेजवळ नाण्याएवढी गोल धातूची चकती दिसेल, मधे फुलीची खाच. तिला आम्ही मिनीफिक्स म्हणतो, काही जण कॅम म्हणतात. दुसऱ्या फळीतून आलेल्या बोल्टचं डोकं त्या चकतीत अडकतं, अर्धा फेरा फिरवला की आवळतं. तिच्यावर छोटा बाण असतो. चकती उलटी फिरवून बाण सांध्याकडे आला की सांधा मोकळा. असा सांधा तीन-चार वेळा खोलला-जोडला तरी चालतो. तो बिनधास्त खोला, पण हाताने. ड्रिल मशीन लावलं की चकतीची खाच खाल्ली जाते.

आता जे स्क्रू सरळ भुग्याच्या फळीत घुसलेत, म्हणजे बिजागरीच्या पट्टीचे, ड्रॉवरच्या चॅनलचे, ते शक्यतो हलवूच नका. दर वेळी स्क्रू काढला की भोकातले आटे थोडे झिजतात. एकदा चालेल, दोनदा चालेल, तिसऱ्यांदा स्क्रू नुसताच फिरत राहील.

उद्या कपाट रिकामं करून आतले फोटो टाका. मग सांगतो कुठे हात लावायचा.

गिरणाकाठ | सोमवार, रात्री १०:५०

रंधाभाऊ, बिजागरीचे स्क्रू काढायचे नाहीत तर दारं कशी काढायची?

रंधा | सोमवार, रात्री ११:०५

बिजागरीचे दोन भाग असतात. वाटीचा भाग दारात बसलेला, त्यातून निघालेल्या लांबट पट्टीला आम्ही हात म्हणतो; आणि पट्टीचा भाग कपाटाच्या बाजूला. अलीकडच्या बिजागऱ्यांत हाताच्या मागच्या टोकाला एक छोटा खटका असतो, तो दाबला की हात पट्टीवरून सुटतो. जुन्या प्रकारात मागचा स्क्रू दोन फेरे सैल केला की हात सरकवून काढता येतो. दोन्हींत पट्टी जागेवर राहते आणि वाटीही जागेवर राहते. वरची बिजागरी शेवटी सोडायची, आणि दार दुसऱ्या माणसाने खालून धरलेलं हवं.

ड्रॉवरचंही तसंच. पूर्ण बाहेर ओढा, दोन्ही बाजूंच्या चॅनलवर काळी प्लास्टिकची जीभ दिसेल. बहुतेक चॅनलमध्ये एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबायची, दोन्ही एकदम, आणि ड्रॉवर पुढे ओढायचा.

आसोद्याची | मंगळवार, सकाळी ७:१५

मना अनुभव सांगस ताई. बठ्ठा इस्क्रू एकच डब्बामा टाकू नका. मी तसंच करं, मंग दोन दिन निवडत बसनू.

प्रत्येक फळीचे स्क्रू छोट्या झिपच्या पिशवीत घाला, पिशवीवर मार्करने लिहा: "कपाट, डावी बाजू, वरचे ४." ती पिशवी त्याच फळीला चिकटवू नका, वाटेत पडते. सगळ्या पिशव्या एका जुन्या चहाच्या डब्यात घालून तो डबा आपल्या पर्समध्ये किंवा गाडीत स्वतःजवळ ठेवा. टेम्पोत द्यायचा नाही.

सावदा_बाग | मंगळवार, सकाळी ८:०२

हायड्रॉलिक पलंगाबद्दल सांगायलाच हवं, कारण माझ्या धाकट्या भावाचं बोट त्यात जायबंदी झालंय.

आम्ही गादी आधी काढली. पलंगाचा वरचा पाट जो दाबून बसलेला असतो तो गादीच्या वजनामुळे. पाट उचलणारे गॅस पंप त्या वजनाच्या हिशोबाने बसवलेले असतात. गादी उतरवल्याबरोबर पाट स्वतःहून वर यायला लागला. भाऊ तो खाली दाबून धरून पंपाचा बोल्ट सोडायला गेला. बोल्ट सुटला, पंप ताडकन लांब झाला आणि बोट पंप आणि लोखंडी पट्टीच्या मधे सापडलं. दोन टाके आणि नख गेलं. आज वर्ष झालं, ते बोट अजून पूर्ण वाकत नाही.

बरोबर पद्धत अशी: गादी काढा, पाट पूर्ण वर जाऊ द्या. पूर्ण वर असताना पंप पूर्ण लांब झालेला असतो, त्यात जोर उरलेला नसतो. मग दोन माणसांनी पाट दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचा, कारण पंप काढल्यावर तो खाली आदळणार आहे. एका बाजूला जाड लाकडाचा टेकू द्या. तिसऱ्याने पंप सोडायचे, आधी एक, मग दुसरा. पंपाला भोक पाडू नका, आगीजवळ ठेवू नका, आत दाबलेला वायू असतो.

आणि पॅकिंगसाठी सुचवते. आमच्याकडे केळीच्या पॅकिंगला घडाच्या फण्यांमध्ये घालायचे पातळ फोमचे कागद असतात. रावेर-सावद्याकडे ओळखीचं कोणी असेल तर मागून घ्या. फळ्यांचे कोपरे गुंडाळायला त्यासारखं दुसरं काही नाही.

निंबोणी | मंगळवार, रात्री ८:४०

सावदाताई, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही नेमकं तेच केलं असतं. भावाला लवकर बरं वाटो.

रंधादादा, कपाट रिकामं केलं. मिनीफिक्स सगळीकडे दिसतात, मोजून बावीस. बाजूच्या फळ्यांना बाहेरून चार जाड स्क्रूसुद्धा आहेत, षटकोनी खाचेचे, वर प्लास्टिकची टोपी. मागची फळी पातळ आहे, तीन तुकड्यांत, बारीक खिळ्यांनी ठोकलेली. पण एक अडचण दिसतेय. मधली उभी फळी तळाच्या फळीला जिथे मिळते तिथे पांढरट पिवळा थर सुकलाय. फेव्हिकॉल असावा.

रंधा | मंगळवार, रात्री ९:३०

फोटो बघितले. फेव्हिकॉलच आहे. जोडणाऱ्याने लाकडी गुल्ल्यांना फेव्हिकॉल लावून बसवलंय. मजबुतीसाठी चांगलं केलं, पण तो सांधा आता सुटणार नाही. जोर लावलात तर गुल्ली नाही, फळीचा भुगा सोलून निघेल. तिथे हातच लावायचा नाही. मधली फळी आणि तळ मिळून उलट्या "टी"सारखा एक तुकडा राहील, तो तसाच न्या. आडवा झोपवून, दोन्ही बगलांत उश्या आणि गोधड्या दाबून भरून, वरून चादरीने बांधून.

बाहेरचे जाड षटकोनी स्क्रू एलन कीने निघतील, बहुधा ४ मिमीची लागेल. हे काढावेच लागतील. परत बसवताना आधी स्क्रू उलटा, म्हणजे डावीकडे, हळूहळू फिरवायचा. एका जागी "टक" करून किंचित खाली बसल्यासारखं हाताला लागतं. तो जुना आटा. तिथून उजवीकडे आवळा. सरळ दाबून आवळलं तर तो नवा आटा पाडतो आणि जुना मोडतो. ही एक सवय लागली तर कपाट दहा वर्षं जास्त टिकतं.

आता क्रम, आणि यात चूक करू नका. उभ्या कपाटातून आधी ड्रॉवर, सरकत्या फळ्या, कपड्यांचा रॉड, मग दारं. दारं निघाली की वजन बरंच कमी होतं. मग कपाट आडवं झोपवा, तोंड खाली, पाठ वर, खाली दोन गोधड्या. त्यानंतरच मागची फळी काढायची. मागची ३ मिमीची फळी दिसायला फालतू वाटते, पण कपाट काटकोनात धरून ठेवते ती तीच. उभ्या कपाटाची पाठ काढली की अख्खी चौकट पत्त्यांच्या बंगल्यासारखी बाजूला बसू शकते, आणि बाजूला उभ्या माणसावर येते.

खिळे काढताना आतून लाकडाच्या ठोकळ्याने हलकं ठोका, खिळ्यांची डोकी वर येतील, मग पक्कडीने एकेक ओढा. पातळ फळीला हाताने हिसका दिला तर ती खिळ्यापाशी फाटते.

आणि एक माप आत्ताच घेऊन ठेवा. नव्या घरात कपाट जिथे ठेवणार तिथे वर माळा आहे का?

निंबोणी | मंगळवार, रात्री ९:५५

हो, माळा आहे. जमिनीपासून माळ्याच्या तळापर्यंत २१३ सेंमी. कपाट २१० उंच, ६० खोल. बसेल ना?

रंधा | मंगळवार, रात्री १०:१०

उभं बसेल, पण माळ्याखाली उभं करता येणार नाही. आडवं जोडून उभं करताना कपाटाचा कोपरा त्याच्या उंचीच्याही वर जातो. २१० आणि ६० चा कर्ण २१८ सेंमी येतो. माळ्याला पाच सेंमी अडकेल आणि कोणीतरी जोर लावून माळ्याची कडा किंवा कपाटाची टोपी फोडेल. खोलीच्या मधे, मोकळ्या छताखाली जोडून उभं करा. मागची फळी ठोकून झाल्यावर, दारं लावायच्या आधी, खाली गोधडी घालून दोघांनी बुडापाशी धरून ती गोधडी सरकवत माळ्याखाली न्या. नव्या फरशीवर गोधडी सहज सरकते. वरून ढकलू नका.

लळिंग | बुधवार, दुपारी १:३०

रंधाभाऊ, माझा पहिला सल्ला चुकला. भावाला विचारलं, त्याचं कपाट खरंच मिस्तरीने बनवलेलं प्लायचं होतं. ताई, माझं बोलणं सोडून द्या.

धुळ्यात उतरवायला दोन माणसं लागली तर सांगा, मी आणि मुलगा येऊ. देवपूर आमच्यापासून दहा मिनिटांवर.

गिरणाकाठ | बुधवार, रात्री ९:१०

वाहतुकीबद्दल थोडं. मी भडगावहून जळगावला मागच्या मे महिन्यात आलो.

छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा. तुमच्या कपाटाच्या बाजू २१० सेंमी, म्हणजे जवळपास सातच फूट. त्यात तिरकं घालावं लागेल किंवा फाळका उघडा ठेवावा लागेल. पिकअप घ्या, भाडं थोडं जास्त पडेल पण फळ्या सरळ उभ्या राहतील.

फळ्या कडेवर उभ्या ठेवायच्या, हौद्याच्या बाजूला टेकवून, एकमेकींत पुठ्ठा किंवा चादर. आडव्या रचून त्यावर मिक्सर, धान्याचे डबे ठेवले की लांब फळी मधे कायमची वाकते. आरशाचं दारही उभंच, दोन गाद्यांच्या मधे. आरशावर टेपची फुली मारतात, त्याने आरसा वाचत नाही, पण फुटला तर काचा विखुरत नाहीत, म्हणून मारायचीच.

टेप मात्र लॅमिनेटवर सरळ चिकटवू नका. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत टेपचा गोंद पातळ होतो आणि ओढताना कागदी फॉइलही सोबत घेऊन येतो. माझ्या टीव्ही युनिटच्या कडेची पट्टी अशीच उचकटली. आधी वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळा, टेप त्याच्यावर. आणि पहाटे निघा. दुपारी झाकलेला टेम्पो ढाब्यासमोर उन्हात दोन तास उभा, असं होऊ देऊ नका.

ताडपत्री घ्या. या दिवसांत संध्याकाळचं अवकाळीचं वादळ आलं तर सांगून येत नाही. पार्टिकल बोर्डाची उघडी कड भिजली की फुगते आणि सुकल्यावर परत मूळ जाडीवर येत नाही.

निंबोणी | बुधवार, रात्री ९:४०

पिकअप ठरवली. पहाटे पाचला निघायचं, जळगाव, एरंडोल, पारोळा करत. सामानवाल्यांना सांगितलं की कपाट आम्हीच खोलणार, तुम्ही फक्त उतरवायचं. थोडे नाराज झाले, पण तयार झाले. लळिंगदादा, तुम्ही येणार म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आलं. धुळ्यात आमचं कोणी नाही.

तापीखोरे | गुरुवार, सकाळी १०:२०

जिन्यावरून उतरवताना एवढं सांगतो. चपला काढा किंवा मागून पट्टा असलेले बूट घाला, स्लिपर नको. जड टोक खाली जातं, म्हणून खालच्या पायरीवरचा माणूस जास्त ताकदीचा हवा, आणि बोलायचं एकानेच. "थांब" म्हटलं की दोघं थांबले पाहिजेत. दोघंही बोलले की हमखास घोटाळा.

दुसरी गोष्ट. ताई, तुमची मुलगी किती वर्षांची?

निंबोणी | गुरुवार, सकाळी ११:००

पाच. का?

तापीखोरे | गुरुवार, सकाळी ११:४५

कारण कपाट भिंतीला बांधायचं राहून जातं. मुलं खालचा ड्रॉवर उघडून त्यावर पाय देऊन चढतात, पुढे वजन येतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. अमेरिकेत काही लहान मुलांचे यात जीव गेले, आणि २०१६ साली आयकियाने तिथले सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरचे संच परत मागवले किंवा ते भिंतीला बांधायचं साहित्य दिलं. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ आली.

खोक्यासोबत एक छोटी एल आकाराची पट्टी किंवा नायलॉनचा पट्टा आलेला असतो. जोडणारे बहुतेक वेळा तो लावत नाहीत, कारण भिंतीत भोक पाडायला घरमालक नको म्हणतो. आता घर तुमचं आहे.

निंबोणी | गुरुवार, दुपारी १२:१०

ती पट्टी मी पाच वर्षं स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये बघतेय. कशाची आहे तेच माहीत नव्हतं. आत्ताच काढून चहाच्या डब्यात ठेवली.

निंबोणी | पुढचा गुरुवार, रात्री १०:३०

आलो! आज दुपारी दिवा लावला. आखाजीला अजून तीन दिवस आहेत. सासूबाईंनी आल्या आल्या आधी घागर भरून ठेवली. ननंदबाई आखाजीला येतील, तेव्हा गच्चीवर झोका बांधायचाय.

काय काय झालं ते सांगते.

काल संध्याकाळी पाच ते रात्री दहा खोलत होतो, मी, हे आणि शेजारचे काका. बावीस मिनीफिक्सपैकी एकवीस सहज सुटले. एकाची खाच आधीच खाल्लेली होती, बहुतेक जोडताना मशीन लावलं असणार. रबरबँड खाचेवर ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवला, तेव्हा निघाला. ही युक्ती काकांची. तळाचा "टी" तुकडा उश्या भरून चादरीत बांधला, अगदी बाळंतिणीच्या बाळासारखा.

पलंगाचा पाट पूर्ण वर सोडून टेकू दिला आणि मगच पंप काढले. हातात अजिबात जोर आला नाही. सावदाताई, तुमचे खूप आभार.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर आरशाचं दार भिंतीला घासलं, खालच्या कोपऱ्याचा टवका गेला. आरसा सुखरूप.

धुळ्याला साडेआठला पोचलो. लळिंगदादा आणि त्यांचा मुलगा फाटकाशी उभे होते, हातात गरम शेवभाजीचा डबा आणि भाकरी. ओळखदेख नाही, फक्त या धाग्यावरची चार वाक्यं. अशी माणसं शेजारी असतील तर इथे आयुष्य चांगलं जाईल.

जोडताना एक चूक झाली. मागची फळी घाईने ठोकायला घेतली, चार खिळे मारल्यावर लळिंगदादांच्या मुलाने थांबवलं. म्हणाला, काकू, दोन्ही कर्ण मोजा. मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा १२ मिमी जास्त. खिळे काढले, एका कोपऱ्याला हलका धक्का दिला, दोन्ही सारखे आले, मग ठोकलं. तसंच ठेवलं असतं तर दारं कधीच एका रेषेत आली नसती.

आता प्रश्न. डाव्या दाराच्या वरच्या बिजागरीच्या पट्टीचा एक स्क्रू नुसता फिरतोय, पकडत नाही. आणि उजवं दार मधल्या दारापेक्षा खाली दिसतंय.

रंधा | गुरुवार, रात्री ११:१५

वाचून समाधान वाटलं ताई. लळिंगभाऊ, तुमच्या पोराला शाबासकी सांगा. कर्ण मोजायचं भल्याभल्यांना सुचत नाही.

सैल भोक: स्क्रू काढा, भोकातला भुगा फुंकून बाहेर काढा. दोन-तीन काडेपेटीच्या काड्या, गूल काढून, फेव्हिकॉलात बुडवून भोकात घट्ट बसवा, वर आलेलं टोक ब्लेडने कापा. एक पूर्ण दिवस सुकू द्या. मग तोच स्क्रू, हाताने. जाडा स्क्रू घालायचा मोह होतो, पण त्याने फळी उकलते.

खाली आलेलं दार: आधी कपाट जमिनीवर सपाट आहे का बघा. नव्या फरशीला मोरीकडे किंवा दाराकडे थोडा उतार असतोच. ज्या कोपऱ्याखाली पोकळी आहे तिथे पाय फिरवून उंच करा, पाय नसतील तर जुन्या लॅमिनेटचा तुकडा सरकवा. निम्म्याहून जास्त वेळा दारं तेवढ्यानेच सरळ होतात. तरी राहिलं तर बिजागरीचा पुढचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर, आणि वर-खाली करायला पट्टीचे दोन स्क्रू अर्धा फेरा सैल करून दार उचलायचं आणि परत आवळायचं.

टवक्यावर मेणाची रंगीत कांडी मिळते ती भरा, पण भुगा उघडा ठेवू नका, ओल शिरते. आणि नव्या घराच्या प्लास्टरमध्ये वर्षभर ओल असते. कपाट भिंतीला टेकवून ठेवू नका, बोटभर अंतर सोडा.

सातपुडा | शुक्रवार, सकाळी ९:००

मी नंदुरबारचा, सगळा धागा वाचला. बोटभर अंतर सोडायचं तर भिंतीला पट्टी कशी लावायची? आणि आमच्या घराच्या भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या आहेत, त्यात स्क्रू धरेल का?

रंधा | शुक्रवार, दुपारी २:२०

अंतराएवढी जाड लाकडाची चकती मधे घाला. पट्टी १८ मिमीच्या वरच्या किंवा बाजूच्या फळीला लावायची, मागच्या पातळ फळीला नाही. ती फळी नुसती फाटून येईल. विटांच्या भिंतीत ८ मिमीचं भोक आणि चांगला फिशर प्लग पुरतो. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लग फिरतो, त्यासाठी वेगळे, लांब आणि जाड दात्यांचे प्लग येतात. दुकानात ब्लॉकची भिंत आहे असं सांगूनच मागा. भोक पाडताना स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो.

निंबोणी | शनिवार, सायंकाळी ६:५०

काड्या-फेव्हिकॉल भरून आज सकाळी स्क्रू बसवला, पकडला. फरशीला खरंच उतार होता, उजव्या पायाखाली लॅमिनेटचे दोन तुकडे गेले आणि तिन्ही दारं एका रेषेत आली, बिजागरीला हात लावावा लागला नाही.

पट्टी लळिंगदादांच्या मुलाने लावली, दोन जागी. मग सगळे ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून मी स्वतः खालच्या ड्रॉवरच्या कडेवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघितला. कपाट जागचं हललं नाही.